उजव्या कोपऱ्यातली जागा

हात गेला आणि रिकामा परत आला. झालं ते एवढंच. सोमवारची सकाळ, दुकानाचं शटर वर करून जेमतेम दहा मिनिटं झालेली, आणि एका आरशाच्या चौकटीला मागून हूक बसवायचं होतं. डाव्या हाताने तिने हूक दाबून धरलं, स्क्रू दातांत धरला आणि उजवा हात न बघता टेबलाच्या कडेला गेला, रोज जातो तसा, सरसाचा डबा आणि भिंत यांच्या मधल्या फटीत. तिथे स्क्रूड्रायव्हर नव्हता. हाताला ते आधी कळलंच नाही. बोटं हवेवर मिटली, उघडली, पुन्हा मिटली. लिफ्ट एकदम खाली निघाली की पोटात जे होतं ते झालं, आणि नवरा असता तर त्याने नक्की म्हटलं असतं, ब्रेक बघायला हवेत तुझे.

दुकानात आणखी तीन स्क्रूड्रायव्हर होते. शिवाय बॅटरीवरचं एक यंत्र होतं, पेट्यांच्या पाठीमागच्या फळ्या बंद करायला. त्यांतल्या कशानेही ते हूक दोन मिनिटांत बसलं असतं आणि आरशाचं गिऱ्हाईक बारा वाजता येऊन खुशाल आरसा घेऊन गेलं असतं. पण तिने दातांतला स्क्रू काढून ठेवला आणि खाली बसून टेबलाखाली बघितलं. भुशाच्या पिंपात हात घातला. सरसाचा डबा उचलून पाहिला, जणू नऊ इंची वस्तू डब्याच्या बुडाखाली चपटी होऊन बसणार होती. काचेच्या तुकड्यांची खोकी हलवली, एक बोट कापून घेतलं, ते तोंडात घातलं आणि दुकानाच्या मधोमध उभी राहिली. चोपन्न वर्षांची, केस पिकलेली, गल्लीत सगळे जिला खोकेवाली म्हणतात अशी धडधाकट बाई तोंडात बोट घालून उभी, आणि डोळे हे असे भरून आलेले. बरं झालं, अजून कुणी आलं नव्हतं.

तसा त्या स्क्रूड्रायव्हरला काही भाव नव्हता. नारिंगी मुठीचा, जुना, टोक एका बाजूने झिजलेलं. नवरा लिफ्टचा मेकॅनिक होता. तीस वर्षं तो उंच इमारतींच्या पोटातल्या अंधाऱ्या विहिरीत उतरला आणि दर वेळी ह्याला खिशात घेऊन उतरला. एकदा टोक वाकलं तेव्हा नवा घेण्याऐवजी गॅलरीतल्या दगडावर दोन रविवार घासत बसला होता. मूठ तडकली तेव्हा तिला काळी कापडी टेप गुंडाळली, ती मळली की वर दुसरी, तिच्यावर तिसरी, अशी मूठ हळूहळू जाडी होत गेली. बाईसाहेबांचं बाळसं, असं तो त्याला म्हणायचा, आणि बाईसाहेब म्हणजे ती स्वतः की स्क्रूड्रायव्हर हे त्याने तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्याच्याने तो चहात साखर ढवळायचा. पाठ खाजवायचा. वाचता वाचता झोप आली की पुस्तकात खूण म्हणून तोच घालायचा, म्हणून घरातलं प्रत्येक पुस्तक मध्येच थोडं फुगलेलं. तो गेल्यावर दवाखान्यातून घरी आलेल्या पिशवीत घड्याळ होतं, चष्मा होता, आणि हा होता. म्हणजे तपासणीला जातानाही खिशात होता. कशाचा काय नेम, पलंगाचा स्क्रू ढिला निघाला तर? दोन वर्षं झाली. तिने तो दुसऱ्याच दिवशी दुकानात आणून फटीत ठेवला आणि वापरायला लागली, आणि आता तिला कधीकधी प्रश्न पडायचा की त्या टेपवरचा मळ त्याचा किती आणि माझा किती. सुरुवातीला मुठीला तेलाचा वास यायचा. मग सरसाचा येऊ लागला. वास बदलला तो दिवस तिच्या लक्षात राहिला नाही, ह्याचं तिला अधूनमधून फार वाईट वाटायचं, आणि वाटून झालं की ती पुन्हा त्यानेच हूक बसवायची.

तिचा धंदाच तो होता, लोकांच्या वस्तूंचा. चौकटी ती करायचीच, पण नाव झालं ते खोक्यांमुळे. वीतभर खोल लाकडी पेटी, पुढे काच, आत कापडाचं अस्तर, आणि अस्तरावर तांब्याच्या बारीक तारेने अडकवलेल्या कुणाच्या तरी वस्तू. माणूस गेलं की घरचे पिशवी घेऊन यायचे. पण नुसतं माणूस गेलं म्हणून नव्हे. तीस वर्षांची नोकरी संपवून एक बाई आपलं अख्खं टेबलाचं ड्रॉवर उचलून घेऊन आली होती, पिना, औषधाच्या गोळ्या आणि साहेबाने कधीच परत न मागितलेलं पेन यांच्यासकट. बाळाचे पहिले बूट यायचे. विकलेल्या घराची किल्ली यायची. एक वेगळं झालेलं जोडपं आलं आणि एकच पेटी करून ती मधोमध कापून द्या म्हणालं. तिने दिली. कापताना दोघंही शेजारी उभे राहून करवत नीट सरळ जातेय ना ते बघत होते, आणि तेव्हा पहिल्यांदाच त्यांचं कशावर तरी एकमत झालं असावं. ती पिशवीतलं सगळं टेबलावर मांडायची, आठ-दहा दिवस तिथेच ठेवायची, त्याच्यातच बाकीची कामं करायची, तिथेच डबा खायची. वस्तू सवयीच्या झाल्याशिवाय लावायच्या नाहीत, ही तिची पद्धत. परकी वस्तू सरळ रेषेत बसते आणि दुकानातल्या मालासारखी दिसते. सवयीची झाली की ती आपोआप कलंडते, आणि मग खरी दिसते. आणि एक नियम: पेटीत खोटं काही जायचं नाही. शोभा म्हणून फूल नाही, विकत आणलेलं काही नाही. जे त्या माणसाचं होतं तेवढंच.

आणि एवढं सगळं जमणाऱ्या ह्या बाईला स्वतःच्या नवऱ्याची पेटी काही जमत नव्हती. टेबलाखाली त्याच्या तीन पिशव्या होत्या. हेल्मेट, बूट, डबा, ओळखपत्र, शिट्टी. चार वेळा तिने मांडून पाहिलं. चारही वेळा लिफ्टच्या कंपनीची जाहिरात झाली. हेल्मेट मध्ये ठेवलं की ते तिच्याकडे बघून हसल्यासारखं दिसायचं, कडेला ठेवलं की रुसल्यासारखं. सवयीची होऊ देत म्हणून थांबावं, तर ह्या वस्तूंची आणखी काय सवय व्हायची राहिली होती? लेक मात्र मागे लागलेली. महिनाअखेर ती नव्या नोकरीसाठी दुसऱ्या शहरात चालली होती, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घरात एकटी राहणार होती, आणि तिचं म्हणणं एकच होतं, "आई, नव्या घराच्या पहिल्या भिंतीवर मला बाबा पाहिजे. जगाच्या बापांची खोकी करतेस, माझ्याच बापाने काय घोडं मारलंय?" ती हसून वेळ मारून नेत होती. महिना संपायला नऊ दिवस होते. नऊ दिवसांत लेक रिकाम्या हाताने जाणार आणि मग ती पेटी कधीच होणार नाही, हे तिला आत कुठेतरी पक्कं कळून चुकलं होतं, आणि त्याच्याकडे ती बघत नव्हती.

बोटाला पट्टी लावता लावता तिला फोटो आठवला. दर पेटी पोचवायच्या आधी ती फोनवर एक फोटो काढायची. शेवटचं काम शनिवारी पोचवलेलं, गणिताच्या सरांची पेटी. तिने फोटो उघडला. डावीकडे खडूची डबी, एक दांडी नसलेला चष्मा, कंगवा, अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं, छत्रीची मूठ. छान झाली होती. शुक्रवारी शेवटचा उजवा कोपरा अडला होता, काहीतरी तिरपं, लांबट हवं होतं तिथे, आणि मग तो एकदम जमला होता, ते तिला आठवलं. ती स्वतःवर खूश होऊन चहा प्यायला गेली होती. तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला. उजव्या कोपऱ्यात, तांब्याच्या दोन तारांत, अगदी झकास कलंडून, तिच्या नवऱ्याचा स्क्रूड्रायव्हर.

ती मटकन स्टुलावर बसली आणि मग, कशाला खोटं बोला, तिला हसू आलं. पद्धतीनेच घात केला होता. त्या दहा दिवसांत सरांच्या वस्तू तिच्या सवयीच्या झाल्या आणि तिची सवयीची वस्तू सरांची झाली. खांद्यावर फोन, फोनवर लेक, लेक बाबाची पेटी लावायच्या भिंतीचा रंग सांगतेय, आणि हाताने आपलं काम चोख केलं: जवळची, ओळखीची, लांबट वस्तू उचलली आणि जिथे शोभेल तिथे लावून टाकली. लेकीशी कुठल्या बाबाबद्दल बोलणं चाललं होतं ते हाताला कुणी विचारलं नव्हतं. पण हसू ओसरलं तसं तिला रविवारचा सरांच्या मुलाचा फोन आठवला. आई कालपासून पेटीसमोरून हललेली नाही म्हणाला. रडते आणि हसते. तो स्क्रूड्रायव्हर तर म्हणे कमाल आहे. तिने तेव्हा हो हो म्हटलं होतं. लोक आनंदाने बोलतात तेव्हा ती शब्द ऐकत नाही, आवाज ऐकते.

आरसा तसाच टाकून ती निघाली. शटर ओढलं, पाटी लावली, आणि रस्त्याला लागल्यावर लक्षात आलं की हातात काहीच घेतलेलं नाही, ना पिशवी, ना हत्यार. सरांचं घर चार थांब्यांवर. ती चालत गेली. चालताना वाक्यं जुळवत होती. काकू, एक छोटीशी गडबड झाली. नको, गडबड म्हटलं की म्हातारी माणसं घाबरतात. काकू, एक वस्तू बदलायची राहिली. हे खोटंच. आणि परत आणून तरी काय करणार? हूक बसवणार. दुसरे तीन आहेत की. एका बाईला त्याच्याकडे बघून बरं वाटतंय, तर राहू दे तिथे, तुझा नवरा काय एका स्क्रूड्रायव्हरात होता? असं ती स्वतःला म्हणाली आणि पुढच्याच पावलाला स्वतःच उत्तर दिलं, होता. थोडा होता. सिग्नलला थांबली तेव्हा उजवी मूठ मिटलेली होती, नऊ इंचांची वस्तू धरायला मिटते तशी. ऊन कोवळं होतं, कुणीतरी पहिल्या मजल्यावरून चादर झटकत होतं, आणि इतक्या काळजीतही तिला वाटलं, सोमवारी सकाळी काम टाकून असं रस्त्यातून चालणं किती बरं असतं. शाळा बुडवल्यासारखं.

दार काकूंनीच उघडलं. सरांच्या पत्नी, शहात्तर वर्षांच्या, हाडाने बारीक आणि आवाजाने मोठ्या. "अगंबाई, तुम्ही! या, या. मी आज फोनच करणार होते तुम्हाला. बसा. नाही, इथे नको, त्या खुर्चीचा पाय हलतो. इकडे बसा." पेटी जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर होती. तिने न बघायचं ठरवलं आणि पहिल्यांदा तिथेच बघितलं. काचेमागे तो आरामात पडला होता, जणू रविवारची दुपार आहे.

"तुम्हाला एक सांगायचंय," काकू समोर बसत म्हणाल्या. "मुलांनाही नाही सांगितलं अजून. हसाल मला."

"नाही हसणार."

"हसा हो. हसण्यासारखंच आहे." त्यांनी मान वळवून पेटीकडे बघितलं. "आमचे हे शाळेत गणित उत्तम शिकवायचे. पण घरात एक वस्तू नीट राहू दिली नाही. रेडिओ उघडला, तो गेला. पंखा उघडला, तो उलटा फिरायला लागला. उघडायची हौस दांडगी, मिटायचं ज्ञान शून्य. आणि सगळा खेळ एका स्क्रूड्रायव्हरवर. शेवटी बारा वर्षांपूर्वी माझी बहीण राहायला यायची होती आणि ह्यांनी आदल्या दिवशी बाथरूमचा गीझर उघडून ठेवला. त्या दिवशी मी तो उचलला आणि लपवला. असा लपवला, असा लपवला, की मलाही पुन्हा सापडला नाही."

"आणि सर?"

"शोधत होते. बारा वर्षं. नवा आणायचे नाहीत, माझा हरवलेला नाही, कुठेतरी ठेवलेला आहे, असं म्हणायचे. कपाटं उपसायचे. मला विचारायचे, तू पाहिलास का? मी आपली भाजी निवडत, नाही बाई. शेवटच्या आजारपणात एकदा विचारलं. तेव्हासुद्धा मी, नाही बाई. ते गेले आणि मला दुसरं कशाचं नाही, ह्याचंच लागून राहिलं. म्हटलं, एवढं काय होतं सांगायला? सांगितलं असतं तर हसले असते. झोप येईना मला. आणि शनिवारी मुलाने ही पेटी भिंतीवर लावली, आणि बघते तर काय, तोच नारिंगी मुठीचा! मुलगा म्हणाला, ह्यांच्या ड्रॉवरमधलं सगळं तसंच तुमच्याकडे दिलं होतं. म्हणजे ड्रॉवरमध्ये होता. म्हणजे ह्यांना सापडला होता! आणि मला कळू दिलं नाही. वर तोंड करून मलाच विचारत होते, तू पाहिलास का!" काकू हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "माझा जीव कसा भांड्यात पडला, काय सांगू तुम्हाला. दोन रात्री गाढ झोपले."

तिच्या घशात सकाळपासून जुळवलेली सगळी वाक्यं होती आणि त्यांतलं एकही आता उपयोगाचं नव्हतं. बोलू नकोस, तिने स्वतःला बजावलं. चहा पी, छान झालं म्हण, ऊठ आणि घरी जा. ह्या बाईची झोप तुझ्या नवऱ्याच्या जोरावर परत आली आहे, ह्याच्यापेक्षा तो वर्षभर आणखी काय कमावणार होता? तिला खरंच बरं वाटू लागलं. मोठं मन असल्याचं जे एक ऊबदार सुख असतं ते तिच्या अंगावर हळूहळू पसरत होतं. ती तर काकूंकडे बघून मान डोलवायलाही लागली होती. नियम काय, आपणच केलेला, आपणच एकदा मोडला तर कुणाचं काय जाणार? पेटी सुंदर आहे. बाई सुखी आहे. भिंतीवर तो आहे.

"आणि टेप बघितलीत?" काकू उठून काचेला बोट लावत म्हणाल्या. "आमच्याला टेप नव्हती. म्हणजे सापडल्यावर ह्यांनी गुपचूप गुंडाळली. ह्यांना कुठली अशी नीट गुंडाळता यायला, पण बघा तरी किती मन लावून—"

"ती टेप माझ्या नवऱ्याने गुंडाळली आहे."

तोंडातून निघून गेलं. मग तिने सगळं सांगितलं, फट, सरसाचा डबा, खांद्यावरचा फोन, उजवा कोपरा, एकही गोष्ट न वगळता आणि एकदाही वर न बघता, आणि सांगून झाल्यावर तिला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं.

"म्हणजे ह्यांना सापडला नव्हता," काकू म्हणाल्या.

"नाही."

"शेवटपर्यंत."

"नाही, काकू. मला माफ करा."

काकू खुर्चीत बसल्या. ह्या वेळी हलत्या पायाच्याच. त्यांचे खांदे हलायला लागले. रडतायत, ती घाबरून उठली, जवळ गेली, हात पुढे केला. काकूंनी चेहरा वर केला तर त्या हसत होत्या, आवाज न फुटता, पोट धरून.

"म्हणजे मी जिंकले!" त्या कशाबशा म्हणाल्या. "अहो, एक्केचाळीस वर्षं. पत्त्यांत हेच जिंकायचे. वादात हेच. मुलं कुणासारखी, तर ह्यांच्यासारखी. कुठलंही कोडं घाला, दोन मिनिटांत उत्तर. आणि एवढ्या हुशार माणसाला मी लपवलेली एक वस्तू बारा वर्षांत सापडली नाही!" त्यांनी पदराने नाक पुसलं. "शनिवारपासून मला वाटत होतं की इथेही ह्यांनी मला हरवलं. बरं वाटलं होतं हो, पण जरा राग पण आला होता."

"आणि ते लागून राहिलेलं?"

"ते आहेच. ते कुठे जातंय." काकू खुर्चीतून उठल्या. "पण सांगून झालं ना आज कुणाला तरी. चला, काढा तो बाहेर."

"राहू दे काकू, मी मनापासून म्हणते."

"काढा हो. दुसरीचा नवरा कशाला माझ्या भिंतीवर?"

दोघींनी मिळून पेटी उतरवली, टेबलावर उताणी घातली. पाठीमागच्या फळीला सहा स्क्रू, यंत्राने घट्ट बसवलेले. आणि मग दोघींच्या एकदमच लक्षात आलं. ह्या घरात बारा वर्षं स्क्रूड्रायव्हर नव्हता. ती हात हलवत आली होती. चार थांब्यांच्या आत जो एकमेव हाताशी होता तो ह्याच फळीच्या आत होता. दुकानातून यंत्र घेऊन येते, ती म्हणाली. काकूंनी ते कानाआडच केलं. त्या आत जाऊन सुरी, दोन चमचे, एक नाणं आणि नेलकटर घेऊन आल्या, आणि शहात्तर आणि चोपन्न वर्षांच्या दोन विधवा बाया गणिताच्या एका सज्जन सरांची पेटी चोरांसारख्या फोडायला बसल्या. पहिला स्क्रू नाण्याने निघाला. दुसऱ्याला सुरीचं टोक वाकलं. "एवढी वर्षं ह्यांना नावं ठेवली," काकू म्हणाल्या, "आणि मलाही तेच येतंय." चौथ्याला चमचा सटकून थेट पाण्याच्या भांड्यावर जाऊन आदळला. दोघी इतक्या हसल्या की शेजारच्या दाराची कडी वाजली आणि कुणीतरी विचारलं, सगळं ठीक आहे ना? पाच निघाले. सहावा काही केल्या हलेना. मग तिने फळी त्या एका स्क्रूभोवती हळूच फिरवली, दार उघडतं तशी फळी बाजूला सरकली आणि पेटी उघडली.

तारा सोडवून तिने तो हातात घेतला. टेप जरा गार होती, मग राहिली नाही. मळ त्याचा किती, माझा किती, हा हिशेब तिच्या मनात आला आणि पहिल्यांदाच तिला तो करावासा वाटला नाही. दोघांचा होता. दोघांनी वापरला होता.

"इथे दुसरं काहीतरी लावून देते," ती पेटीच्या कोपऱ्याकडे बघत म्हणाली. अस्तरावर तारेची चार भोकं होती आणि मध्ये तिरपी, लांबट, रिकामी जागा. "पट्टी असेल सरांची. कंपासपेटीतलं काही."

"काही नको." काकूंनी आत वाकून बघितलं. "ह्यांना तो मिळाला नाही ना? मग तिथे काही नको. तसंच मिटा."

ती बघत राहिली. खडू, चष्मा, कंगवा, सगळ्या वस्तू आता त्या कोपऱ्याकडे कलल्यासारख्या दिसत होत्या, काहीतरी शोधत असल्यासारख्या. एवढा खरा कोपरा तिच्या हातून आजवर झाला नव्हता, आणि तो तिने केलाच नव्हता. आणि तिथे, परक्या घरातल्या जेवणाच्या टेबलाशी उभ्या उभ्या, तिला तिच्या नवऱ्याची पेटी दिसली. एकदम, पुरती, अस्तराच्या रंगासकट. डबा डावीकडे, बूट एकच, शिट्टी त्याच्या आत. हेल्मेट नको. ते आवडायचंच नाही त्याला. आणि बरोबर मध्ये, सगळं सोडून, नऊ इंचांची मोकळी जागा, कारण ती वस्तू कामावर गेलेली आहे. चार वेळा का जमलं नव्हतं ते तिला कळलं. ती पूर्ण माणूस भरायला बघत होती, आणि त्यातला थोडा तर रोज तिच्या हातात काम करत होता. आनंदाने तिच्या अंगावर काटा आला. नऊ दिवस पुष्कळ होते. चारात झाली असती.

पेटी मिटायला अर्थात त्याचीच गरज लागली. तिने पाचही स्क्रू हाताने बसवले, हळूहळू, शेवटचा पीळ मनगटाने देत. पेटी भिंतीवर गेली. काकू दोन पावलं मागे सरकून बघत राहिल्या आणि मग, जरा अवघडून, म्हणाल्या, "आता हा बाहेरच आहे, तर तेवढा ह्या खुर्चीचा पाय बघता का?"

खुर्चीचा पाय झाला. मग कपाटाची मूठ, जी काकू सात वर्षं दोन बोटांनी धरून उघडत होत्या. कढईचा दांडा. खिडकीची खिट्टी. दिव्याच्या बटणाची पाटी. बारा वर्षांत ह्या घरातलं सगळं थोडं थोडं सैल झालं होतं आणि काकू त्याच्यातच सांभाळून वावरायला शिकल्या होत्या. आता त्या पुढे पुढे होऊन एकेक दाखवत होत्या, हे बघा, आणि हे, आणि हो, हे तर राहिलंच, लहान मुलीसारख्या, आणि ती मागून जात होती, एका खोलीतून दुसरीत, खिशात स्क्रू, हातात तो. झिजलेलं टोक प्रत्येक खाचेत पहिल्याच प्रयत्नात बसत होतं. एकेक वस्तू घट्ट होत होती. तिला गाणं म्हणावंसं वाटत होतं, पण स्क्रू दातांत होता.

बाथरूमच्या दाराशी ती गुडघ्यावर बसलेली असताना फोन वाजला. लेक होती. "आई, दुकान बंद कसं? आरशावाला बाहेर ओरडतोय. कुठेयस तू?"

तिने दातांतला स्क्रू हातात घेतला. "बाबाच्या कामावर आलेय," ती म्हणाली. "त्यांना म्हणावं बसा जरा. अजून दोन बिजागऱ्या राहिल्यात."